आबांचा भोंगा

त्या पावसाळ्यात माझी सगळी झोप एका तारेवरच्या अर्ध्या-पाऊण व्होल्टाने खाल्ली. हे कुणाला सांगितलं तर माणसं हसतात, म्हणून मी सांगायचं सोडून दिलंय. कारखान्यात मोठमोठ्या मोटारी सांभाळणारा माणूस आणि घरी एवढ्याशा व्होल्टापुढे हात टेकून बसलेला! मलाही हसू आलं असतं, पण हसायलाही अंगात थोडं बळ लागतं.

मी वरव्याजवळच्या एका लहान कारखान्यात मेंटेनन्सला आहे. बायको-मुलं नसरापूरला भाड्याच्या खोलीत, मुलांच्या शाळेपायी. आई आणि आबा मात्र वेल्ह्याच्या पलीकडे, डोंगराच्या अंगाला लागून असलेल्या आमच्या वाडीत. आबा म्हणजे माझे वडील. मागच्या दिवाळीनंतर त्यांना लकवा मारला. आधी भोरला, मग पुण्याला नेलं. जीव वाचला, पण उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. वाडीत आबांचा आवाज सगळ्यांना माहीत होता. ते समोरच्या टेकाडावरून हाक मारायचे आणि ओढ्यापलीकडच्या खाचरातली माणसं वाकल्या ठिकाणी मान वर करायची. आता त्यांच्याकडे डावा हात आणि डोळे एवढंच उरलं होतं. भूक लागली की हात तोंडाकडे न्यायचे. लघवीला लागली की गोधडीवर आपटायचे. काही नको असलं की तोंड भिंतीकडे फिरवायचे, आणि एकदा फिरवलं की फिरवलं.

उन्हाळाभर आईने हे सगळं एकटीने निभावलं. खरी पंचाईत लावणीला झाली.

आमच्याकडे भाताची लावणी पैऱ्यावर चालते. आज तुमच्या खाचरात आम्ही, उद्या आमच्या खाचरात तुम्ही. मजूर कुणी लावत नाही, मिळतही नाहीत. आबांच्या दुखण्याकडे बघून बायकांनी यंदा सगळ्यात आधी आमचीच खाचरं लावून दिली. ओळीने आल्या, चिखलात उतरल्या आणि आमचं सगळं रोप लावून मोकळ्या झाल्या. आईने फक्त चहा केला. आता आईला प्रत्येकीच्या खाचरात जाऊन तो पैरा फेडायचा होता. बायका म्हणाल्या, तू घरीच बस, बाई, आमी समजून घेऊ. हे समजून घेणंच आईला लागलं.

"दुखणं दाखवून लावून घेतलं, आसं मला न्हाई व्हायचं," ती मला म्हणाली. "वर्सभर त्यास्नीच त्वांड दाखवायचं आसतं."

खाचरं घराच्या खाली, ओढ्याच्या काठाला. उतरायला फार नाही, पण पावसाच्या आणि ओढ्याच्या आवाजात घरातून कुणी ओरडलं तरी खाली ऐकू जात नाही. आबा तर ओरडूही शकत नव्हते. मोबाईलला घरात रेंज नाही. ती फक्त रस्त्याच्या वळणावर, तीही मनात आलं तर. बाजारात मिळते ती बिनतारी बेल मी आधी आणून लावली. तिचा आवाज अंगणाच्या बाहेर जाईना. आई म्हणाली, ह्यापरीस चिमणी मोठ्यानं वरडती. तेव्हा मी ठरवलं की आपणच करायचं: आबांच्या डाव्या हाताशी एक रिमोट, घरात त्याचा रिसिव्हर आणि पडवीच्या आढ्याला कारखान्यातल्यासारखा दणदणीत भोंगा. एक बटण दाबलं की लांब एकदाच, म्हणजे सगळं ठीक आहे. दुसरं दाबलं की तीन वेळा, म्हणजे ये.

हे ओळखायचं काम मायक्रोकंट्रोलरचं. तो म्हणजे नखाएवढा काळा चौकोन असलेला एक छोटा बोर्ड. त्याच्या पायावर पुरेसे व्होल्ट आले की तो म्हणतो, बटण दाबलंय. फारच कमी असले की म्हणतो, नाही दाबलं. अधलेमधले आले की त्याची पंचाईत होते, आणि मग तो काय करेल याचा नेम नाही. रिसिव्हर पाच व्होल्ट देतो, बोर्डाला सव्वातीनच्या वर सोसत नाहीत. म्हणून दोघांच्या मध्ये दोन रेझिस्टर घालून व्होल्ट उतरवायचे. हे अगदी प्राथमिक काम, शिकाऊ माणसानेही करावं असं.

मी कामावरून आल्यावर खोलीत बसून ते केलं आणि ते चाललं नाही. रेझिस्टर जोडले की रिसिव्हरचे व्होल्ट एकदम खाली बसायचे, एकच्याही आत. काढले की पुन्हा पाच. मला वाटलं रिसिव्हर खराब आहे, दुसरा आणला, तोही तसाच. पोरांचा अभ्यास चाललेला, बायको म्हणतेय की जेवून घ्या, आणि मी मीटरची टोकं हातात धरून बोर्डाला शिव्या देतोय. शेवटी डोक्यात उजेड पडला: रिसिव्हरमध्ये दमच नव्हता. त्याला काही जोडलेलं नसताना पाच व्होल्ट दाखवता येत होते, पण जरा ओझं टाकलं की बसत होता. मी जोडलेले रेझिस्टर कारखान्यातल्या भंगारातले, कमी ओहमचे, म्हणजे त्याच्यावर जास्त ओझं टाकणारे. ओझं कमी करायचं तर जास्त ओहमचे लावायचे. नसरापूरला मिळाले नाहीत. सुट्टीच्या दिवशी भोरला गेलो. तिथे टीव्ही दुरुस्तीच्या एका जुन्या दुकानात डब्यात हात घालून शोधले तेव्हा मिळाले. मुद्दाम चांगले मोठे घेतले. लावले आणि मीटरवर तीन व्होल्टाच्या वर आकडा स्थिर उभा राहिला. मला त्या दुकानदाराला परत जाऊन मिठी मारावीशी वाटली.

सगळं एका प्लॅस्टिकच्या डब्यात बसवलं, हवा खेळावी म्हणून झाकणाला भोकं पाडली, आणि मोटरसायकलच्या जुन्या बॅटरीसकट वाडीत नेऊन लावलं. डबा पडवीच्या भिंतीला, भोंगा आढ्याला. आबांच्या डाव्या तळहातात रिमोट दिला आणि अंगठा बटणावर ठेवून दाखवला. त्यांनी दाबलं. भोंगा असा काही ओरडला की गोठ्यातली म्हैस दाव्याला हिसडे द्यायला लागली. आबांनी लगेच पुन्हा दाबलं. मग पुन्हा. त्यांच्या तोंडाची डावी बाजू हसत होती. आई म्हणाली, "आता दिसभर ह्येच चालायचं बगा," आणि तसंच झालं. तो सगळा दिवस वाडीला आबा ठीक असल्याचं कळत राहिलं.

पहिले काही दिवस फार बरे गेले. आई लावणीला जायला लागली. आबा मधूनमधून एक लांब भोंगा द्यायचे. ओळीतल्या बायका आईची थट्टा करायच्या. कुणी म्हणायची, मालकानं आठवण काढली गं. कुणी म्हणायची, आमच्या ह्यांना बी एक आणून दे, पर त्येचं बटण माझ्याकडं आसू दे. आई रस्त्याच्या वळणावर जाऊन मला फोन करायची आणि हे सांगताना स्वतःच हसत सुटायची. कितीतरी महिन्यांनी मी तिचं हसू ऐकत होतो. मीही त्या दिवसांत नीट झोपलो.

मग एका दुपारी आई खाचरातून घरी आली तेव्हा आबा खाटेच्या खाली पडलेले होते.

अर्धं अंग जमिनीवर, अर्धी गोधडी अंगाखाली, कपडे ओले. किती वेळ पडले होते कुणास ठाऊक. रिमोट डाव्या मुठीत होता. आई म्हणाली, मूठ उघडता उघडेना. अंगठा बटणावरच दाबलेला होता आणि नखाखालचं मांस पांढरं पडलं होतं. भोंगा वाजला नव्हता. खाचरात कुणीच ऐकला नव्हता. त्या दिवशी भोंग्याची हाक आली नाही म्हणून आईला वाटलं होतं, झोप लागली असेल.

मी सुट्टी टाकून वाडीत पोचलो. चुलती दारातच भेटली आणि आवाज खाली करून म्हणाली, "आरं, त्यास्नी दाबता येत नसंल रं आता. बोटात जोर ऱ्हायला न्हाई." आईही मला एका बाजूला घेऊन म्हणाली, "दाबलं आसंल का रं त्यांनी?" माझं डोकं फिरलं. कारखान्यात मी हे रोज ऐकतो. मशीन बंद पडलं की आधी ऑपरेटरला विचारतात, तू बटण नीट दाबलंस का? बिचारा शपथा घेतो, कुणी ऐकत नाही, आणि चार तासांनी सापडते सैल झालेली तार. ऑपरेटरला निदान बोलता तरी येतं. माझ्या बापाला तेही येत नव्हतं. मी आईला म्हणालो, "त्यांनी दाबलंय. कितीतरी वेळा दाबलंय. मशीन खोटं बोलतंय."

पण मशीन काही खोटं बोलेना. मी दाबलं, वाजलं. आईने दाबलं, वाजलं. अंगणाच्या टोकाला जाऊन दाबलं तरी वाजलं. दुपारभर मी तिथे बसून होतो. बाहेर पाऊस कोसळतोय, आई चुलीपाशी काहीतरी शिजवतेय, ओले कपडे वाळवतेय, चहा देतेय, आणि मी बटण दाबतोय. प्रत्येक वेळेला भोंगा. मीटरवर तीनच्या वर व्होल्ट. एकही चूक नाही. बिघाडच समोर येत नसेल तर काय दुरुस्त करणार? डबाही कोरडाठाक. मी भिंतीला लावलेला तो आईने काढून आत नेला होता, कारण भिंतीला ओल यायला लागली होती. तिने तो चुलीच्या वर, जिथे बियाणं, मीठ, काडेपेटी, सुकट असं ओल लागू नये ते सगळं टांगलेलं असतं, तिथे लावला होता. आमच्याकडे पावसाळ्यात जिवापाड जपायची वस्तू तिथेच जाते. ते बघून मला बरंच वाटलं होतं.

संध्याकाळी निघताना मी आबांच्या हातात रिमोट द्यायला गेलो. त्यांनी मूठ उघडली नाही. मी बोटं सोडवून आत ठेवला तर त्यांनी तो डाव्या हाताने ढकलून दिला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. मी म्हणालो, "आबा, मी शोधतोय. चूक तुमची न्हाई." त्यांनी वळून पाहिलं नाही. मला समजत होतं. इतका वेळ दाबूनही कुणी येत नाही हे एकदा अंगावरून गेल्यावर माणूस पुन्हा कशाला दाबेल? परतीच्या वाटेवर मी मोटरसायकल एका टपरीपाशी थांबवली आणि पाऊस ऐकत नुसताच उभा राहिलो. रडू येत होतं, पण त्याचाही कंटाळा आला होता.

आईने लावणीला जायचं सोडलं. पैरा तसाच राहिला. अजून बऱ्याच घरची खाचरं लावायची होती, आणि रोप किती दिवस राबात, पेरलेल्या वाफ्यात, थांबणार? बायका वाटेने जाताना तिला काही बोलत नव्हत्या. आई फोनवर म्हणाली की त्या काही बोलत नाहीत तेच जास्त बोचतंय. मी इकडे रात्रपाळीत. बोर्ड डोळ्यांपुढे नाचायचा. बॅटरी उतरत असेल का? तार कुठे तुटलेली असेल का? रिसिव्हरपर्यंत रिमोटचा सिग्नल कमी पडत असेल का? बायको म्हणाली, तुमचे डोळे बघा आरशात. मी बघितले नाहीत.

पुढच्या सुट्टीला मी रात्रपाळी संपवली आणि खोलीवर न जाता, काही न खाता थेट वाडीची वाट धरली. वेल्ह्यापर्यंत पाऊस अंगावरच. आईला आदल्या दिवशीच सांगितलं होतं, मी येतोय, तू लावणीला जा. मी पोचलो तेव्हा पहाटेच विझवलेली चूल गार पडली होती आणि ती आबांना पेज पाजून, अंगावर प्लॅस्टिकची खोळ घेऊन निघालीच होती.

"भाकरी झाकून ठिवलीया," ती जाता जाता म्हणाली. "आन् त्या डब्याच्या नादाला लागू नगंस. आदी जेव, मंग झोप वाईच."

मी हो म्हणालो आणि तिची पाठ वळताच डबा खाली काढला.

आधी भोंग्याची तार सोडवली, नाहीतर आई अर्ध्या वाटेतून पळत आली असती. भोंग्याच्या जागी एक बारका दिवा जोडला. रिमोट खाटेच्या पायथ्याशी पडलेला होता, तो उचलला. बटण दाबलं. दिवा लागला नाही. पुन्हा दाबलं. नाही. मी दाबतच राहिलो आणि दिवा लागतच नव्हता. मला इतका आनंद झाला की काय सांगू. ज्याने दुरुस्तीचं काम केलंय त्यालाच हे कळेल: बिघाड डोळ्यांसमोर घडतोय यासारखं सुख नाही. मी आबांकडे बघून मोठ्याने म्हणालो, "बगा! म्हनलं हुतं ना? तुमी दाबलं हुतं!" आबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

मीटर लावला. रिसिव्हरच्या पायावर बटण दाबल्यावर जवळजवळ पाच. म्हणजे रिमोट ठीक, रिसिव्हर ठीक, आबांचा अंगठा ठीक. रेझिस्टरच्या पलीकडे, बोर्डाच्या पायावर तीनच्या वर हवेत, तर आले अडीचच्याही आत. अधलेमधले. त्या व्होल्टाला बोर्ड हो म्हणत नव्हता. पाऊण व्होल्ट वाटेतच कुठेतरी गळत होता. रेझिस्टर बदलून पाहिले, तेच. सोल्डरचे सांधे पुन्हा डाग देऊन पाहिले, तेच. डोळे मिटायला लागले, आकडे दोन-दोन दिसायला लागले. म्हटलं चहा घ्यावा. चूल पेटवली, आधण ठेवलं आणि डबा तसाच उघडा चुलीशेजारी ठेवून शेकत बसलो.

चहा उकळतोय, मी चाळा म्हणून बटण दाबतोय, आणि दिवा लागला.

मी दचकलो. मीटर पाहिला. आकडा हळूहळू वर चढत होता. अडीच, पावणेतीन, मग तीन. मी काही म्हणजे काही केलं नव्हतं. फक्त चूल पेटवली होती. मी बोर्डावरून बोट फिरवलं. बोट काळंकुट्ट झालं. डब्याच्या झाकणाला हवेसाठी मीच पाडलेल्या भोकांतून रोजचा धूर आत गेला होता आणि बोर्डावर काजळीचा थर चढला होता. वर शेजारी मिठाची पिशवी, तिची ओल धरणारी पूडही त्यात मिसळलेली. ती काजळी कोरडी असली की निरुपद्रवी. पण चूल विझली, दारातून धुकं आत आलं, की काजळी दमट व्हायची आणि तिच्यातून व्होल्ट पाझरायचे. माझे रेझिस्टर इतके मोठे की तेवढी बारीक गळतीसुद्धा त्यांना भारी पडत होती. त्याच जागी लहान रेझिस्टर असते तर त्यांना काही वाटलं नसतं, पण मग रिसिव्हर बसला असता.

मग सगळं लख्ख दिसलं. आई घरात असली की चूल पेटलेली, बोर्ड कोरडा, भोंगा चालू. आई खाचरात गेली की चूल थंड, बोर्ड दमट, भोंगा मुका. म्हणजे आई शेजारी असताना तो हमखास वाजायचा आणि जेव्हा खरी गरज तेव्हाच नाही. मागच्या खेपेला मी आलो तेव्हा लेक आला म्हणून आईने दिवसभर चूल विझू दिली नव्हती, आणि मी त्या शेकात बसून सगळं ठीक आहे म्हणत होतो. आईने तर जपण्यासाठीच डबा तिथे टांगला होता. कुणाला दोष द्यायचा? मी कपाळाला हात लावून बसलो आणि एकटाच हसलो. चहा उतू गेला.

पुढचं काम सोपं, पण अंगात त्राण नव्हतं. मोटरसायकलच्या टाकीतून थोडं पेट्रोल काढलं. ते घेऊन बाहेर पडवीत बसलो आणि जुन्या टूथब्रशने बोर्ड घासून स्वच्छ केला. रेझिस्टर मधल्या ओहमचे घातले, रिसिव्हरलाही झेपतील आणि थोड्या गळतीलाही भीक घालणार नाहीत असे. बोर्डावर कारखान्यातून आणलेलं वॉर्निश फिरवलं. ते सुकेपर्यंत भोकं मेणाने बुजवली. मग चूल विझवली आणि गार होईपर्यंत थांबलो. बोर्डावर तोंडाने वाफ सोडली, ओलं फडकं जवळ धरलं, बटण दाबलं. आकडा तीनच्या आसपास. हलला नाही. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच.

मी मीटर आबांपुढे धरला. त्यांना आकड्यांचं काय करायचं? तरी सांगितलं: काजळी कशी बसली, धूर कुठून गेला, ते दाबत होते तेव्हा आत काय होत होतं. ते ऐकत होते. सांगून झाल्यावर मी भोंग्याची तार पुन्हा जोडली आणि रिमोट त्यांच्या हातात ठेवला. या वेळी त्यांनी तो ढकलला नाही. पण अंगठाही ठेवला नाही. तळहात उघडा, त्यात रिमोट, आणि नजर आढ्याकडे. मी म्हणालो, "आबा, एकदा दाबा. एकदाच. आईला कळू द्या की चालू झालाय." ते दाबेनात. मी स्वतः दाबू शकत होतो, पण मला ते नको होतं. मी दाबल्यावर वाजतो हे आम्हाला आधीच माहीत होतं. मला त्यांनी दाबायला हवं होतं, आणि ते काही माझ्या हातात नव्हतं. तारा, व्होल्ट, रेझिस्टर, सगळं करून झालं होतं आणि जे करायचं होतं ते राहिलंच होतं. मी खाटेसमोर भिंतीला पाठ टेकून बसलो. पाच मिनिटं डोळे मिटू म्हटलं.

भोंग्याने जाग आली. एक, दोन, तीन.

मला काही कळेना. कारखान्यात आहे की घरात? उठायला गेलो तर पाय आखडलेले. आबांकडे पाहिलं. ते माझ्याकडेच बघत होते आणि अंगठा बटणावर होता. मी म्हणालो, "काय झालं? काय पायजे?" ते काही सांगायच्या आत भोंगा पुन्हा तीन वेळा ओरडला. बाहेर पाऊस थोडा कमी झाला होता. वाटेवर कुणीतरी पळतंय हे ऐकू आलं आणि आई दारात. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात रोपाची अर्धी मूठ तशीच, खोळ वाऱ्याने मागे गेलेली.

"काय झालं? पडला न्हाई न्हवं? काय झालं आवं?"

आबांनी रिमोट गोधडीवर टाकला आणि हात तोंडाकडे नेला. भूक.

"भूक?" आईला दम लागला होता. "आत्ता तर पेज पाजून गेले की!"

आबांनी हात जोरात हलवला. नाही. मग पुन्हा तोंडाकडे नेला, आणि नंतर बोट माझ्याकडे केलं. मग कोपऱ्यात झाकून ठेवलेल्या भाकरीकडे. सकाळपासून मी तिथे डबा उचलला, चूल पेटवली, चहा सांडला, पेट्रोल आणलं, आणि त्या झाकणाला हात लावला नव्हता. खाटेवर पडल्यापडल्या ते सगळं बघत होते.

आई माझ्याकडे बघत राहिली. "तू जेवला न्हाईस?"

मी भिंतीला धरून उठलो. डोक्यावर अर्धे केस पिकलेले, आणि शाळेतून नापास होऊन आल्यासारखा खाली बघत उभा.

"ह्येच्यापायी मला चिखलातनं पळवत आणलं?" ती आबांवर ओरडली. "जीव वर आला की माझा! वळीच्या समद्या बाया थांबल्यात तिथं!" ओरडता ओरडता ती उंबऱ्यावर खाली बसली आणि पदराने तोंड पुसायला लागली. चिखल तोंडाला लागला, तरी पुसतच राहिली. आबांच्या तोंडाची डावी बाजू हसत होती.

मग ती उठली, हात धुतले, माझ्यापुढे भाकरी ठेवली, सुकटीची चटणी ठेवली आणि मी पहिला घास मोडेपर्यंत तिथेच उभी राहिली. खालून बायका हाका मारायला लागल्या. काय झालं गं, सगळं बरं हाय न्हवं? आई रोपाची मूठ उचलून अंगणात गेली आणि ओढ्याच्या आवाजावरून जाईल इतक्या मोठ्याने तिने खाली सांगितलं:

"काय न्हाई झालं! पोरगं उपाशी हाय म्हनून हाक मारली त्यांनी!"